नाक्यावरचा पितळी तांब्या

“अगं, पानी दे आधी, नाव-गाव मागून इचार!”

सत्यभामाबाईंचा हा आवाज अजून माझ्या पोटात घुमतो. मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. हातोडीच्या ठोक्यांनी मला गोलाई आली, कल्हईनं आतून चांदणं आलं. सत्यभामाबाईंनी हिंगोलीच्या बाजारातून मला कनेरगाव नाक्यावरच्या आपल्या धाब्यावर आणलं. त्या गेल्या आणि त्यांची सून जनकाबाई मला भरू लागली. मला घासता घासता ती गुणगुणायची,

पितळी माझा तांब्या, गार पाण्यानं भरला
वाटेचा वाटसरू, दोन घोटांना थांबला

नाक्यावर अपघात नवे नाहीत. कुणी पडलं की गर्दीतून हाक यायची, “पाणी पाजा!” मग मीच पुढं व्हायचो. यापरतं पुण्य नाही, असं मला वाटायचं.

एका दुपारी दवाखान्यातली शितल सिस्टर धाब्यावर शिकवायला आली.

“मावशी, अपघातातल्या मानसाला पानी पाजायचं न्हाई. शुद्ध हरपत असली की ते श्वासनळीत जातं. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं बरं. रक्त वाहत असलं तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून दाबायचं, सोडायचं न्हाई. जखमेत हळद भरायची न्हाई.”

“हिंगोली जिल्ह्यात ऱ्हाऊन हळद नको, पानी बी नको! कोन्या देवानं सांगितलं गं?”

“देवानं न्हाई. डॉक्टर लोकांनी ठिकठिकाणचे जखमी पाहिले. कशानं मानूस वाचतो, कशानं जातो, ते ताडून पाहिलं. आपल्या आधी ज्यांनी सोसलं, त्यांनीच सांगितलं म्हना.”

जनकाबाई भाकरी थापता थापता ऐकत राहिली. मला मात्र राग आला होता.

पुढं हळदीच्या हंगामात एका टेम्पोनं प्रभूच्या मोटारसायकलला उडवलं. प्रभू पलीकडच्या गावचा मेंढपाळ. धाब्यासमोरच पडला, मांडीतून रक्त वाहत होतं. सवयीनं जनकाबाई मला घेऊन धावली, त्याच्यापाशी पोचली आणि थबकली. तिनं मला मातीत ठेवलं. दोरीवरचं धुतलेलं लुगडं ओढलं, घडी केली आणि दोन्ही तळव्यांनी जखमेवर दाबून धरली.

“माय… पानी…” प्रभू पुटपुटला.

ट्रकवाला भावसिंग ओरडला, “काहून देऊन न्हाई राहिली पानी? मरून राहिला तो!”

“एकशेआठला फोन लाव आधी! माझा हात सुटला तर खरंच मरंल.”

प्रभूनं पुन्हा मागितलं, पुन्हा पुन्हा मागितलं. तिचे डोळे वाहत होते, पण हात हलले नाहीत. मी हातभर अंतरावर काठोकाठ भरलेला. इतका जड मी कधीच झालो नव्हतो. शेवटी ॲम्ब्युलन्स आली आणि त्याला घेऊन गेली.

तो वाचला की नाही, ते जनकाबाईला कळलं नाही. नाक्यावर मात्र एकच बोलणं. “मरत्या मानसाला घोटभर पानी न्हाई दिलं बाईनं.” गिऱ्हाईक पलीकडच्या धाब्यावर वळलं. जनकाबाईनं मला फळीवर पालथं घातलं. मी काळवंडत गेलो, ती गाणं विसरली.

मित्रांनो, चिंच लावून घासलं की पितळ उजळतं. मायेचंही तसंच आहे. तीही अधूनमधून घासावी लागते, नवं कळलं की जुनी सवय खरवडावी लागते. रस्त्यात कुणी रक्तानं भिजून पडलेला दिसला, तर माझ्याकडं धावू नका. आधी दाब द्या, गाडी बोलवा. माझी पाळी मागून येईल.

आणि ती आली. एका सकाळी काठी टेकत प्रभू धाब्यावर आला. जनकाबाई बघतच राहिली. मग तिनं मला उतरवलं, चिंचेनं घासलं, भरून त्याच्या हाती दिलं.

“डॉक्टर म्हनले, दाब सुटला असता तर वाटंतच गेलो असतो,” तो म्हणाला. पण मला ओठाला लावीना. “माय, घरी बी कुनाला बोललो न्हाई. त्या दिशी मनातल्या मनात तुमाला शाप दिला मी. तुमाला बी मरताना पानी मिळू नये, असा.”

जनकाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि हसली.

“पी आधी, लेकरा. शाप मागून परत घे.”