दोन डाव्या बाह्या

शर्टांच्या कारखान्यात चौदा वर्षं मी शेवटच्या टेबलावर तपासणी करते. चुका शोधायचाच पगार घेते, त्यामुळे मालकांनी भरपगारी दोन दिवसांचं प्रशिक्षण जाहीर केलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यातून एकीला सुपरवायझर करणार होते. ती जागा मला हवी होती, उगाच कशाला लपवू?

शिकवणाऱ्या बाईंनी आधी प्रश्नांचा कागद भरून घेतला. बोलक्यांना पिवळं कार्ड, अबोलांना निळं. मला निळं. माझी मैत्रीण इस्त्रीवाली पिवळी. तिचं तोंड झोपेतही चालत असेल.

"प्रत्येकीला यातून वेगळ्या रीतीने फायदा होतो," बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. म्हणजे निळ्यांना घरी बसवणार, मी ताडलं.

दुसऱ्या दिवशी कटिंगमधून सकाळीच आलेले तुकडे टेबलावर टाकून बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी मिळून शर्ट जुळवा." पिवळ्यांनी नुसता कालवा केला. मला मात्र लगेच दिसलं. दोन्ही बाह्या डाव्या! बोलणार तोच वाटलं, ह्या मुद्दाम ठेवल्यात. कोण मध्ये तोंड घालतं ते वहीत टिपायला. मी गप्प बसले. इस्त्रीवालीनं बाही कशीबशी टाचली, टाळ्या पडल्या.

मग बाईंनी निळ्यांना एकेकीला आत बोलावलं. वही मिटून बाजूला ठेवली.

"गलक्यात तुम्हाला बोलता येत नाही, म्हणून ही वेळ खास तुमची. काही खटकलं?"

वही मिटली म्हणजे नक्कीच डाव.

"काही नाही," मी म्हणाले.

सोमवारी लाइन थांबली. अख्ख्या लॉटच्या बाह्या डाव्या कापल्या गेल्या होत्या. चूक खरीच होती. प्रशिक्षणात तेच तुकडे हाताळूनही कुणी सांगितलं नाही म्हणून मालक आम्हा सगळ्यांवर उखडले, तेव्हा इस्त्रीवाली माझ्या बाजूनं उभी राहिली. "हिला दिसलं असतं तर ही गप्प बसली असती होय?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "दिसलं नव्हतं?"

खरं बोलले तर लबाड, खोटं बोलले तर आंधळी.

"नाही दिसलं, साहेब."

जागा इस्त्रीवालीला मिळाली. पहिल्याच दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली, मी तपासून ठेवलेला शर्ट उचलला आणि दोन्ही बाह्या शेजारी-शेजारी धरून पाहिल्या.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आता बघावं लागतं."