सदूची राखण

हातखंब्याच्या रस्त्यापासून आत आमच्या वाडीत घरं अकरा, आणि संध्याकाळी दिवा लागतो तो जेमतेम तीन घरांत. मुलं मुंबई-पुण्याला गेली, मग नातवंडं सांभाळायला आज्या गेल्या, आणि मागे राहिलेले म्हातारे आजारी पडले की त्यांनाही गाडीत घालून नेलं. आमचा मुकुल गेली दोन वर्षं आम्हालाही पुण्याला बोलावत होता. यांचे गुडघे पाहता त्याचं चुकत नव्हतं. पण श्रावणात मी सोळा सोमवार धरले ते त्यानेच इकडे यावं म्हणून. त्याचं काम कॉम्प्युटरवरचं, घरी बसून होणारं, तेव्हा माझं मागणं काही अवाजवी नव्हतं. व्रत पुरं होऊ दे, वेळणेश्वरला जाऊन उद्यापन करते, तोवर घर बंद करायची भाषा नको, असं मी दोघांना बजावलं होतं आणि यांनी ते मानलंही होतं.

बंद घरांवर सदूची राखण होती. तो विजापूरकडचा, चिऱ्याच्या खाणीवर कामाला आलेला. कुसुमवहिनी लेकीकडे डोंबिवलीला गेल्या तेव्हापासून त्यांच्या पडवीत राहायचा. घरांपुढची खळी झाडायचा, कलमांखालचं रान काढायचा, लोकांच्या तुळशींना आठवणीने पाणी घालायचा. भाकरी दिली तर दोन्ही हातांनी घ्यायचा. गावाकडे कोण असतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "तिकडं राखायला काय राहिलं नाही, वहिनी." मला फार वाईट वाटलं होतं.

दिवाळीनंतर कुसुमवहिनींचा फोन आला तेव्हा मी सदूचं तोंडभरून कौतुक केलं, माणूस चांगला ठेवलात म्हटलं.

"अगो, मी कुठे ठेवलाय? मला वाटलं, तुम्ही कुणी ठेवलात."

मग वाडीतल्याच, गणपती आटोपून ठाण्याला गेलेल्या राजश्रीला विचारलं, तर तिला तो कुसुमवहिनींचा गडी वाटत होता. उरलेल्या दोन घरांत विचारलं. त्यांना तो आमचा वाटत होता. मी हसून विषय सोडला खरा, पण पोथी वाचताना मन लागेना. बिचारा कुणाचं काही घेत नाही, उलट करतोच, आणि आपण उपास करून त्याच्याबद्दल भलतं मनात आणतो, म्हणून मी शंकराची क्षमा मागितली. ती मागता मागताच आठवलं की राजश्रीचं खळं सदू श्रावणापासून झाडत होता. तिच्या नवऱ्याच्या बदलीचं पत्र आलं ते त्यानंतर महिन्याने. तो झाडायला लागला तेव्हा ती आपली मजेत म्हणाली होती, काकू, माझ्या राज्यात एकदाचा गडी आला, झाडतोय तर झाडू दे की.

चौदाव्या सोमवारी दुपारी न्हाऊन बेल काढायला बाहेर आले, तर आमचं खळं झाडलेलं. यांना वाकता येत नाही, आणि मी केरसुणीला हात लावला नव्हता. केराचा लहानसा ढीग कडेला लावून सदू उभा होता.

"इकडचं कुणी सांगितलं रे तुला?"

"राहिलं होतं ना, वहिनी."

तेवढ्यात आत यांचा फोन वाजला. मुकुलच असावा. हे बराच वेळ नुसतं हं हं करत होते, मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं. येतो आम्ही. आईला तुझ्या मी सांगतो हळूहळू."

ते सदूनेही ऐकलं असेल, पण तो चकित झालेला दिसला नाही. जवळ येऊन, देवळात बोलावं तशा हळू आवाजात त्याने विचारलं,

"देव बरोबर नेणार, वहिनी, का इथंच?"

"आम्ही कुठेही जात नाही," मी म्हटलं. माझं मलाच ते नीट ऐकू आलं नाही.

त्याने समजुतीने मान हलवली.

"इथंच ठेवा. बाकीच्यांचे आहेत सगळे. सोबत होईल."

कुसुमवहिनींचे देव तर मी स्वतः कापसात गुंडाळून डोंबिवलीला न्यायच्या त्यांच्या पिशवीत ठेवले होते.