लगामातला दुसरा केस

आकारामनं वळलेला लगाम घोड्याला लगेच आपला वाटतो, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. सुती दोराच्या पेडांची वेणी घालत आला, की शेवटच्या पेडात तो त्याच घोड्याच्या शेपटीचा एक केस गुंफतो. एकच. चुकून दुसऱ्या कुणाचा गेला, तर घोडं त्याचा स्वभाव घेतं. माझ्या मेव्हण्याच्या टांग्याच्या लगामात शेजारच्या तलाठ्याचा केस गेला होता. ते घोडं दुपारी जेवायला म्हणून जे जायचं, ते संध्याकाळपर्यंत जागेवर सापडायचं नाही.

विजयसिंहांना हे पक्कं ठाऊक. त्यांच्या घोड्याची शर्यत अमरसिंहांच्या घोडीशी लागलेली, आणि त्यासाठी नवा लगाम आकारामकडं वळायला दिलेला. त्या घोडीचा केस लगामात गेला, तर आपलं घोडं जन्मभर तिच्या मागंमागंच पळणार! म्हणून ते आकारामच्या समोर मांडी घालून बसले, ते उठेचनात.

"आकाराम, अमरसिंहाचा माणूस आलता काय हिकडं?"

"न्हाय, दादा."

"मग दारात लीद कशाची?"

"तुमच्याच घोड्याची की!"

"बघू, नखं दाखव."

आकारामची बायको शालूबाई चहा घेऊन आली, तर तिला म्हणाले, "वैनी, आधी पदर झटका."

"झटकते की. तुमच्या अंगावर झटकू?"

पार शेवटच्या पेडापर्यंत विजयसिंह वेणीला नाक लावून होते.

गगनबावड्याच्या रस्त्याला घोडागाड्यांची शर्यत झाली. झेंडा पडला, घोडी धुरळा उडवत गेली. विजयसिंहांचं घोडं जागचं हललं नाही. त्यानं डावीकडच्या बघ्याला निरखलं, मग उजवीकडच्याला. वळून आपल्याच गाडीची चाकं हुंगली. कुणी पाण्याची बादली पुढं केली, तर पंचानं आधी ओंजळभर प्यायल्याशिवाय त्यानं तोंड लावलं नाही. हे मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. आपल्या मागं कुणी उभं नाही अशी खात्री झाली, तेव्हा कुठं ते चालायला लागलं.

विजयसिंह लगाम घेऊन थेट आकारामच्या दारात. मागं सगळी गर्दी.

"घोडीचा केस घातलास! सोड ही वेणी, सगळ्यांम्होरं सोड! सापडला, तर उद्यापासनं तुला कोल्हापुरात कुणी शेळीचं दावं वळायला देणार न्हाय."

आकाराम वेणी सोडायला बसला. एकेक पेड सुटत गेला. शेवटच्यात दोन केस निघाले. एक लांब, शेपटीचा. दुसरा बोटाएवढा.

"बघा! ह्यो घोडीचा!"

शालूबाईनं तो उचलून उन्हात धरला. "अवो दादा, घोडी तांबडी हाय. ह्यो शेंड्याला काळा आन् बुडख्याला पांढरा. घोडी कलप लावती व्हय?"

सगळ्यांच्या नजरा विजयसिंहांच्या मिशीवर.

"म्हंजे घोडं मालकावर गेलं की!" मागून कुणीतरी ओरडलं.

विजयसिंहांनी मिशी तळहातानं झाकली. "मी झोपलो असताना उपटलाय कुणीतरी," ते म्हणाले. तेवढ्यावर काही कुणी हसायचं थांबलं नाही. शेवटी सगळ्यांसमोर त्यांनीच नवा लगाम वळायला सांगितला.

"वळतो की," आकाराम म्हणाला. "पर ह्या टायमाला तोंड बांधून बसायचं."

त्यानं टॉवेल आणला आणि विजयसिंहांचं डोकं, मिशी, सगळं गुंडाळून फक्त डोळे तेवढे उघडे ठेवले. पहिला पेड पुरा व्हायच्या आत टॉवेलातून आवाज आला,

"आकाराम, ह्यो टॉवेल कुणाचा हाय रं?"