बांधापलीकडची काच

मित्रांनो, मी एक जुनी गोळी-सोड्याची बाटली आहे. खरं तर तिचं नुसतं बूड. पोशीर गावात पदू नावाच्या शेतकऱ्याच्या घराच्या वळचणीत खोचलेली आहे.

कधी काळी मला जाड हिरवं अंग होतं, आवळलेली मान होती, गळ्यात रबरी कडं आणि आत काचेची गोळी. नेरळला सोडावाल्या आबाजींकडे सोडा भरला की गोळी वर जाऊन घट्ट बसायची. गिऱ्हाइकाने अंगठ्याने दाबली की ठॉक! रिकामी झाले की पेटीत, मग हौदात धुवायला, मग पुन्हा भरायला. किती लग्नं, किती जत्रा पाहिल्या! इतक्या तोंडांना लागले, पण जुनी म्हणून कुणी फेकली नाही. आबाजी सगळ्यांना बजावायचे, "मी सोडा विकतो, बाटली नाय. पी आणि दे इकडं."

एका उन्हाळ्यात पदू आला. "पोरीच्या पोटात दुखतंय, शेट. बाटली घरी नेतो, उद्या आणून देतो."

"उद्या म्हंजे उद्याच रं!"

"मंग? पळून जातो काय मी?"

त्याच्या कोंडीने सोडा प्यायला, मोठी ढेकर दिली आणि म्हणाली, "बाबा, मना गोळी पायजे."

लेकीवर पदूचा भारी जीव. शेताच्या बांधावर नेऊन त्याने मला दगडावर आपटलं आणि गोळी तिच्या हातात दिली. माझे तुकडे मात्र त्याने आपल्या शेतात राहू दिले नाहीत. एकेक वेचला आणि बांधापलीकडे गोमाच्या शेतात भिरकावला. वीतभर बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं. "घुसू दे पायात," तो पुटपुटला.

पाऊस झाला, चिखलणी झाली. मी टोक वर करून चिखलात बसले. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं. काच नुसती वाट पाहते.

मग भाताची आवणी आली. पुरुष भांडोत, पण रोपं लावायला बायका सगळ्यांकडे जातात. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. पदूची बायको हिरूही गोमाच्या शेतात उतरली. पदू बांधावर उभा. त्याचे डोळे माझ्याच जागेवर.

"हिरू, घरी चल गं."

"का वं? अर्धं शेत ऱ्हायलंय."

"चल म्हनतो ना!"

गोमाची बायको गौराबाई हसली. "आमच्या चिखलात बायको बाटते काय रं तुझी?" सगळ्या खिदळल्या.

काच, एवढा एक शब्द पुरला असता. पण मग कुणी टाकली, हेही विचारलं गेलं असतं. पदू बांधावरच उभा राहिला.

रोपं लावताना बायका मागे मागे सरकतात. मागचं दिसत नाही. हिरूची टाच माझ्यावर आली आणि मी आत शिरले, पार हाडापर्यंत. खोटं कशाला सांगू, मला काहीच वाटलं नाही. टाच मऊ असते.

"कशानं कापलं गं?" गौराबाई धावली. बायका हिरूला उचलत होत्या, तेवढ्यात पदूने मला चिखलातून काढून कमरेला खोचलं. "खेकडा आसंल," तो म्हणाला. "मोठा व्हता."

खेकड्याला हळद पुरते. काच म्हटलं असतं तर बैलगाडी कर्जतच्या डॉक्टरकडे गेली असती, धनुर्वाताची सुई मिळाली असती. हळद दाबली. जखम वरून मिटलीसुद्धा. मग एका सकाळी हिरूचं तोंड उघडेना. पाठ कमानीसारखी ताठली. कोंडी आईच्या ओठांना पेला लावायची आणि पाणी गालावरून ओघळायचं. पदूने मला लपवलं त्या वळचणीतून मी सगळं पाहत होते. पदूही पाहत होता. तरी तो खेकडाच म्हणत राहिला, हिरूला स्मशानात नेलं तोवर.

दिवाळीच्या सुमारास आबाजी दारात आले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. "काय रं पदू, उद्या उजाडला का नाय तुझा? माझी बाटली कुठं हाय?"

कोंडीने मूठ उघडून गोळी पुढे केली.

"येवढीच ऱ्हायली, शेट. बाकीची बाबांनी गोमाकाकाच्या शेतात टाकली."

आई नसलेल्या पोरीसाठी भाकरी घेऊन आलेली गौराबाई उंबऱ्यातच थांबली. तिने पदूकडे पाहिलं, मग कोंडीच्या तळहाताकडे. भाकरी तिने पोरीच्या हातात दिली आणि पदूकडे पाठ करून निघून गेली.

मित्रांनो, रिकामी बाटली जिथून आणली तिथे परत द्या. परत गेले असते तर मी आजही कुणाच्या तरी घशात गार सोडा उतरवला असता. फेकलीत, तर मी कुठे तरी टोक वर करून बसणारच. आणि बांधापलीकडे कुणाची तरी आई मागे मागे सरकत असते. बहुतेक तुमचीच.