वेठीची सुपं

जव्हारला राजाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. दाभोश्याच्या वाटेवरच्या एका पाड्यात फागी राहायची. तिचा नवरा जिव्या बांबूची सुपं विणायचा. फागी ती शेणाने सारवायची आणि जव्हारच्या बाजारात नेऊन विकायची. गेल्या चैत्रात गोऱ्या साहेबाच्या शिकारीचं सामान वाहायला जिव्याला वेठीला धरून नेलं, आणि तो परतला तो मान वाकडी घेऊनच. मजुरी म्हणाल तर फक्त शिव्या मिळाल्या.

फागीच्या पोटात राग मावेना. तिने तांदळाच्या पिठात काडी बुडवली आणि सुपावर चित्र लिहिलं. तिच्या लोकांत चित्र काढत नाहीत, लिहितात. डोक्यावर पेट्या घेतलेल्या माणसांची रांग, आणि सगळ्यात वरच्या पेटीवर मांडी ठोकून बसलेला एक टोपीवाला. बाजारात बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुरुष हसले नाहीत, पण सूप घेऊन गेले. पुढच्या बाजाराला लोक "वेठीचं सूप आहे का?" असं विचारू लागले. शहरातल्या कुणा शिकलेल्याने त्याखाली गेरूने 'वेठ नको' असे शब्दही घातले. पुढे दोन-चार गावांत वेठीला माणसं मिळेनात, तेव्हा कुठे ठाण्याला जाग आली.

हवालदार एका शिपायाला घेऊन उगवला तो नेमका फागीच्या मुलीच्या, राहीच्या लग्नात. जामसरचं वऱ्हाड दुपारी यायचं होतं. घरोघरीची सुपं जप्त करून त्याने त्यांचे दोन मोठे भारे बांधले होते. दाभोश्याच्या माणसांनी ते पाड्याच्या शिवेवर टाकले आणि ती मागे फिरली. वेठीची रीतच तशी. आपल्या शिवेपर्यंत आपण वाहायचं, पुढचं पुढच्या गावाने बघायचं.

हवालदार मूर्ख असता तर बरं झालं असतं. तो बाजेवर बसला, एक सूप मांडीवर घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "या माणसांच्या टाचा बघा. एकाचीही जमिनीला टेकलेली नाही. असा हात एकाच बाईचा असणार. आता तुम्ही भिंतीवर लग्नाचा चौक लिहाल ना? लिहा. मला घाई नाही."

फागीसमोर गेरूने सारवलेली भिंत होती. चौकाशिवाय लग्न लागत नाही, आणि मधली पालघट देवी नवरीच्या आईनेच लिहायची ही पाड्याची चाल. पोट दुखतंय म्हणून कोपऱ्यात बसायचीही सोय नव्हती.

म्हातारी नवशी लग्नाचं गाणं म्हणता म्हणता तिच्या कानाशी वाकली. "टाचा टेकव, बाय. आजचा दिस हात दुसरा कर."

फागीने काडी बुडवली. देवीचा पहिला पाय लिहिला तो सपाट, टाच टेकवून. हवालदाराने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा तंबाखू मळायला लागला. सुटले, असं फागीला क्षणभर वाटलं. मग तिची नजर त्या पायावर गेली. तिरडीवरच्या माणसाचा असतो तसा तो पाय दिसत होता. असल्या चौकात देवी कशाला येऊन बसेल? आणि ती आलीच नाही तर राहीचा संसार कुणाच्या भरवशावर? ठाण्यातल्या माराची फागीला भीती वाटत होती, फार वाटत होती. पण पोरीच्या लग्नात देवीला फसवायची भीती त्याहून मोठी निघाली.

तिने अंगठ्याने तो पाय पुसला आणि आपल्या हाताचा लिहिला. टाच उचललेला. मग दुसरा. मग देवीभोवती नाचणारी माणसं, सगळी तशीच. नवशीचं गाणं मध्येच अडखळलं.

हवालदाराने उठून सूप भिंतीशी धरलं. ताडून पाहायला काही उरलंच नव्हतं. "चल," तो म्हणाला.

"पोरीचा लगीन होऊ द्या," फागी म्हणाली. "मंग न्या. मी कुठं पलत नाय."

"दिवस मावळायच्या आत तुला आणि या सुपांना साहेबांपुढे उभं करायचंय." त्याने शिपायाकडून तिचे हात बांधवले आणि अंगणाकडे वळून हाक दिली, "भारे कोण उचलतंय?"

सवयीने जिव्याच उठला. वाकड्या मानेने शिवेपर्यंत गेला, मागोमाग फागीला घेऊन हवालदार आणि सगळा पाडा. फागीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऱ्याला हात लावायला तो वाकला, बायकोच्या बांधलेल्या हातांकडे त्याने पाहिलं, आणि तो तिथेच खाली बसला. हवालदाराची काठी पाठीत बसली. जिव्या हलला नाही. मग पाड्यातला लाडक्या येऊन त्याच्या शेजारी बसला, मग पांड्या. काठी सगळ्यांवर फिरली. कुणी हात उचलला नाही, ना मारायला, ना भारा घ्यायला.

"मग तूच घे," हवालदार फागीवर ओरडला.

"मना न्याचा तं न्या," फागी म्हणाली. "भारा नाय उचलाची."

सुपं टाकून जाणं शक्य नव्हतं. पुरावाच तो. शिपायाने कुरकुरत एक भारा डोक्यावर घेतला. दुसऱ्याकडे हवालदार बराच वेळ बघत राहिला, मग पागोटं काढून काखेत मारलं आणि वाकला. पोरंटोरं हसायला लागली तशी बायकांनी त्यांना गप्प केलं.

वळणापर्यंत पोचल्यावर मागे नवशीचं गाणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू आलं. वऱ्हाड आलं असणार. राहीला हळदीत बघायचं राहून गेलं, म्हणून फागी चालता चालता रडली, आणि हात बांधलेले असल्याने तिला डोळेही पुसता येईनात. मागून दोघांची धाप ऐकू येत होती. जव्हारची ही वाट तिने जन्मभर तुडवली होती, पण डोक्यावर काही नसताना ती आज पहिल्यांदाच चालत होती.