लोण्यात बुडालेला निरोप

मित्रांनो, मी एक जुना स्पीड सेन्सर आहे. मला कधी बघितलंय तुम्ही? कशाला बघाल! जीपच्या पोटाखाली एक लोखंडी पेटी असते. ती चारी चाकांना ताकद वाटून देते. गॅरेजवाले तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यावर शेण-चिखल झेलत मी बसतो. आतला दांडा किती वेगानं फिरतो ते ओळखून तारेतून कळवायचं, हे माझं काम. माझा निरोप पोचला नाही, तर वेगाचा काटा अडखळतो आणि पुढच्या चाकांना ताकद मिळत नाही.

सत्त्याण्णव साली आमची जीप बावड्याच्या जोतीराम तात्यांकडे आली. त्याच वर्षी त्यांनी बैलजोडी विकली होती, त्यामुळे बैलांची सगळी माया आमच्यावर. इथवर ठीक होतं. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात ना, ती खांदेमळणी तात्यांनी चक्क जीपची केली! गाडीखाली सरपटत आले, माझ्या तारेचा प्लग उपसला आणि बोटानं लोणी आत कोंबलं.

"घे गड्या, तुजा बी खांदा दुखत आसंल," म्हणाले.

शी! ते लोणी खवट झालं, त्यावर धूळ बसली, मग मुंग्या लागल्या. पिना हिरव्या पडल्या. उकिरडासुद्धा माझ्यापेक्षा बरा असेल. बरं, घाण करणारा प्रेमानं करतो, म्हणून शिव्याही घालता येत नाहीत.

पुढं परतीच्या पावसात तात्यांच्या बायकोला, मुक्ताबाईंना, दम्याचा झटका आला. तात्या त्यांना घेऊन इंदापूरच्या दवाखान्याकडे निघाले आणि काळ्या रानात जीप रुतली. तात्या पुढच्या चाकांना ताकद देणारं बटण दाबत राहिले, पुढची चाकं ढिम्म. मी जीव तोडून निरोप धाडत होतो, पण तो त्या घाणीतच मरत होता. मागे मुक्ताबाईंचे ओठ निळे पडले होते. शेवटी शेजारच्या गेणबाचा ट्रॅक्टर आला, म्हणून त्या वाचल्या.

तात्यांचा मुलगा विजयसिंह भडकला. बारामतीच्या गॅरेजात म्हणाला, "पेटीच फुकट गेलीया. काढून भंगारात टाका."

"आदी सेन्सर बघू," धम्मदीप मिस्त्री म्हणाला. त्यानं चाकं उचलली, माझ्या पिना पुसल्या आणि मीटर लावून चाक फिरवलं. मीटर हललं. "पेटी बी चांगली, सेन्सर बी चांगला. निरोप प्लगात अडतोय." मग त्यानं प्लग नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "तात्या, ह्यात लोणी कुणी घातलं?"

"मीच. खांदं मळलं." तात्या म्हणाले. "पर बैलाला खुपलं तर त्यो पाय झाडतो. ह्यानं काय सांगितलं न्हाय."

"सांगितलं आसंल की. वेगाचा काटा थरथरत न्हवता?"

तात्यांनी प्लग हातात घेतला.

"व्हता. मुक्ता म्हनली बी व्हती. मी म्हनलं, पोळ्याची गाडी खूश हाय, नाचतीया."

मित्रांनो, माया जरूर करा. पण जिच्यावर करता, ती वस्तू काय सांगते तेही ऐका. लोणी भाकरीवर घ्या. मला कोरडं फडकं पुरे.