सिमेंट घालण्याआधी

रेडिओला गप्प बसवायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. मी केली.

रेडिओ म्हणजे आमचे हाडांचे सर्जन. हातातला हातोडा आणि तोंडाची टकळी, दोन्ही एकदमच चालू. एरवी मला चालतं. मी भूल देणारी, टेबलाच्या उशाशी बसून ऐकत असते. पण त्या दिवशी टेबलावर खुबा मोडलेल्या आजी होत्या, आणि त्यांच्या हृदयाची झडप इतकी अरुंद झाली होती की रक्तदाब घसरला तर सावरणं कठीण. ऑपरेशन केलं तर टेबलावरच जीव जायची भीती, न करावं तर अंथरुणात झिजून जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. आजोबांना मी सगळं समजावलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तिला कळा सोसवत नाहीत हो. तुम्ही आहात ना?"

त्या "आहात ना"ने माझा जीव आधीच टांगणीला लागला होता. रेडिओंनी सासूचा जोक सुरू केला तशी मी कडाडले, "सर, आज तोंडाला कुलूप लावा! मला मॉनिटर ऐकू द्या."

ते गप्प झाले. फुगले होते, दिसतच होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे पद्धत आहे: कृत्रिम खुबा पक्का बसवायचं सिमेंट हाडात भरण्याआधी सर्जन मोठ्याने सांगतो. सिमेंट जाताना रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून मी आधीच औषध वाढवून ठेवते. रेडिओ तर "सिमेंट आलं होऽ" असं फेरीवाल्यासारखं ओरडायचे.

त्या दिवशी ओरडलेच नाहीत. मी सिरिंज बदलत होते. मान वर केली तर एकशेदहाचा दाब चाळीसवर.

"सिमेंट घातलं?"

"आत्ताच."

"सांगितलं का नाही?"

"तूच गप्प बस म्हणालीस ना!"

भांडायलाही वेळ नव्हता. औषधं दिली, तरी हृदय थांबलंच. आळीपाळीने चौघांनी छाती दाबली. पण त्या झडपेतून रक्त पुढे सरकेल तर ना! बरगडी मोडल्याचं हाताला कळलं, तरी थांबले नाही. चाळीस मिनिटं. करायचं ते सगळं येत होतं आणि त्यातलं काहीच चालत नव्हतं. इतकी हतबल मी कधीच झाले नव्हते.

बाहेर आजोबा उभेच होते. आजी गेल्याचं आम्ही सांगितलं. त्यांनी भिंतीला हात टेकला. मग मला विचारलं, "काही करायचं राहून तर नाही ना गेलं, डॉक्टरबाई?"

रेडिओ शेजारीच होते. खाली बघत होते.

"नाही, आजोबा," मी म्हणाले.

"मग रडता कशाला?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुमचा काय दोष?"